कडू दुधी ब्लेंडरने गोड होत नाही

मंगळवारी सकाळी साडेसहाला ओट्यावर हिरवा फेस आलेले दोन ग्लास होते. एक सासूबाईंच्या हातात, दुसरा माझ्यासाठी झाकून ठेवलेला. "जरा कडवट झालाय गं, पण औषध म्हटलं की कडू असायचंच," असं म्हणत त्यांनी दुसरा घोट घेतला. कशाचा आहे विचारलं तर म्हणाल्या, "दुधीचा. सालीबियांसकट." मी म्हटलं, "आई, तो ग्लास आधी खाली ठेवा." आवाज जरा जास्तच चढला असणार, कारण पुढे दिवसभर त्या माझ्याशी तुटक बोलत होत्या. चालेल.

या ग्लासाचं मूळ म्हणजे त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. त्यावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का, वर तीन लाल भोंगे आणि मथळा: 'मिक्सर भंगारात द्या, हाय-पॉवर ब्लेंडर आणा'. नंतर तोच मला सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही. त्यातले दावे थोडक्यात सांगते. दोन हजार वॅटच्या खालचं यंत्र भाजीची पेशी फोडूच शकत नाही, त्यामुळे पोषण वाया जातं. साध्या मिक्सरने फायबर मरतं. दुधी सालीबियांसकट घाला, कडू निघाला तर उत्तमच, कारण ब्लेंडरच्या वेगाने त्यातलं विष मोडतं आणि औषध तेवढं उरतं. सूप गॅसवरून उतरवून उकळतंच ओता आणि झाकण घट्ट दाबून धरा. खालचं लाल बटण सारखं पडत असेल तर ती कंपनीची लबाडी आहे, त्यावर चिकटपट्टी लावून टाका. आणि शेवटी, हे एक यंत्र आलं की मिक्सर, पाटा-वरवंटा, वेट ग्राइंडर सगळं बाद.

दिवाळीत माझ्या दिरांनी आईंना १८०० वॅटचा ब्लेंडर घेऊन दिला होता. तो तीन महिने खोक्यातच होता. मेसेज आला आणि खोकं उघडलं.

आधी दुधीचं बोलू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर मोटर जळेल किंवा हात भाजेल, या मुद्द्याने माणूस जातो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. दिल्लीत २०१० साली एका शास्त्रज्ञाचा दुधी आणि कारल्याचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, बरोबर तोच रस प्यायलेल्या त्यांच्या पत्नीला रुग्णालयात ठेवावं लागलं. २०१८ च्या जूनमध्ये आमच्या पुण्यात चाळिशीतल्या एका बाई सकाळी पळून आल्यावर दुधीचा रस प्यायल्या आणि चार दिवसांत गेल्या. दोन्ही बातम्या तेव्हा सगळीकडे छापून आल्या होत्या. पण बातमी विसरली जाते आणि फॉरवर्ड फिरत राहतो.

दिल्लीच्या त्या घटनेनंतर आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये आला. तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो, मेसेज लिहिणाऱ्याने उघडला असता तर बरं झालं असतं. दुधी, काकडी, भोपळा या सगळ्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. आपण खातो त्या भाज्यांत ती एरवी नगण्य असतात, पण एखाद्या फळात ती वाढतात. मग पोटात कळा, उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब खाली जाणं असं सगळं होऊ शकतं. यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त लक्षणांवर उपचार करू शकतात. समितीचा सल्ला अगदी घरगुती भाषेतला आहे: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर थोडीशी जरी अस्वस्थता वाटली तरी सरळ रुग्णालय गाठा.

दुसरा रस मिसळू नका, हे नीट वाचा. कारलं घातलं की कडूपणा कारल्याच्या नावावर जातो आणि दुधी सुटतो. आपल्याला सावध करणारी एकच गोष्ट असते, जीभ, आणि तिलाच आपण फसवतो. आमच्या मेसेजमध्ये तर आवळा, आलं आणि पुदिनाही 'चवीसाठी' घालायला सांगितला होता.

आता 'वेगाने विष मोडतं' या विधानाकडे बघा. ब्लेडने तुकडा होतो तो भाजीचा, फार तर पेशीचा. कुकुरबिटासिनचा रेणू पेशीपेक्षा हजारो पटींनी लहान. ब्लेड त्याला शिवतही नाही. पात्याने साखर कितीही बारीक केली तरी ती अगोड होते का? मिरची वाटली की तिखटपणा जातो का? उलट जितकी पेशी जास्त फुटेल तितकं आतलं जास्त बाहेर येईल. म्हणजे मेसेजमधला पहिला दावा खरा धरला, की मोठा ब्लेंडर पेशी जास्त फोडतो, तर तिसरा दावा त्याच क्षणी धोकादायक ठरतो. लिहिणाऱ्याला स्वतःचाच मेसेज सलग वाचावासा वाटला नसावा. हेच सफरचंदाच्या आणि जर्दाळूच्या बियांना लागू आहे. अख्खी बी गिळली तर ती तशीच बाहेर पडते, दळली तर तिच्यातून सायनाइड सुटतं. एकदोन सफरचंदांच्या बियांनी काही होणार नाही, पण 'सगळं सालीबियांसकट' ही सवय लावायची गोष्ट नव्हे, आणि कडू जर्दाळूची बी तर अजिबात नको.

आणि चाखून बघणं ही काही आयसीएमआरने नवीन काढलेली रीत नाही. काकडीची कोशिंबीर करायच्या आधी टोक कापून, घासून, चकती जिभेला लावून बघायची हे आमच्या आजीपासून चालत आलंय. घासल्याने कडूपणा जातो की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण चाखणं हेच खरं काम होतं. सासूबाईंनी स्वतः हे चाळीस वर्षं केलंय. पण यंत्रात टाकताना कोण चाखतं? अख्खी फोड टाकली, बटण फिरवलं. यंत्राने काम सोपं केलं आणि त्या नादात चाखणं राहून गेलं.

आमचं दोन घोटांवर निभावलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले घेऊन या. दोन तास दवाखान्यात बसलो, तीनदा रक्तदाब मोजला. दुपारपर्यंत थोडी मळमळ, बाकी काही नाही. दोन्ही ग्लास मी मोरीत ओतले होते, तेव्हा "केवढा दुधी होता" एवढंच त्या म्हणाल्या.

बाकीचं भराभर सांगते.

वॅट म्हणजे यंत्र किती वीज ओढतं तो आकडा. वाटण किती बारीक होणार ते ब्लेडचा आकार, भांड्याचा आकार, वेग आणि तुम्ही किती माल घातलाय यावर ठरतं. परदेशी ब्लेंडरवर अश्वशक्ती लिहितात, तो बऱ्याचदा क्षणभराचा कमाल आकडा असतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा यंत्रावर तीन अश्वशक्ती लिहिली असेल तर ते २२३८ वॅट झाले. अमेरिकेतल्या घरातलं साधं सॉकेट १२० व्होल्ट, १५ अँपिअरचं, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट देणारं. मग त्या सॉकेटवर ते यंत्र सतत तीन अश्वशक्तीने चालेल कसं? खरेदी करताना 'रेटेड' आकडा, म्हणजे यंत्र सतत चालताना किती वीज ओढतं तो, विचारा. तिकडून कुणी पाठवत असेल तर व्होल्टेज आधी बघा. १२० व्होल्टचं यंत्र पिन बदलून आपल्या २३० व्होल्टवर लावलं तर पहिल्याच दिवशी धूर.

आणि आपल्याकडची जी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: ओट्यावरचं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० ने गुणा, १३८० वॅट झाले. १८०० वॅटचं यंत्र तिथे लावायचंच नाही, त्याला गिझरसारखं १६ अँपिअरचं सॉकेट हवं. म्हणून तर त्याच्या प्लगच्या पिना जाड असतात. त्या बसत नाहीत म्हणून लोक कन्व्हर्टर लावतात, आमच्याकडेही लावला होता. दोन आठवड्यांत सॉकेटचं पांढरं प्लास्टिक पिनांभोवती चहाच्या डागासारखं तपकिरी झालं.

लाल बटणावर चिकटपट्टी लावा म्हणणाऱ्याला आमच्या गल्लीतल्या मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे पाठवायला हवं. त्यांच्या टेबलावर जळलेल्या मोटरींची रांग असते. तांब्याची तार काळी ठिक्कर, वाइंडिंगवर लाखेचा जळका वास, कपलरचे दात गेलेले. ते बटण म्हणजे मोटरवर भार फार झाला की वीज तोडणारी सोय. ते पडलं तर थांबा, भांड्यातलं निम्मं काढा, पाणी घाला, मोटर निवली की दाबा. रोज पडत असेल तर तुम्ही जास्त भरताय किंवा फार वेळ चालवताय. मिक्सरच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं लिहिलेलंच असतं. वाचतं कोण, हा भाग वेगळा.

उकळतं सूप आणि घट्ट झाकण याबद्दल एवढंच: बंद भांड्यात फिरताना एकदम वाफ होते आणि झाकण उडतं, सूप मनगटापासून कोपरापर्यंत येतं. कोमट होऊ द्या, भांडं अर्धंच भरा, झाकणाच्या मधलं बूच काढून वर फडकं धरा. आणि ते उलटं लावायचे बुलेटसारखे छोटे ब्लेंडर असतात त्यात गरम काहीच नको, त्यांना वाफ जायला जागाच नसते.

फायबर मरतं म्हणे. फायबर काही जिवंत प्राणी नाही. ते बारीक होतं आणि ग्लासातच राहतं. गाळलंत तर गाळणीत राहतं, तो दोष गाळणीचा. इथे नाइलाजाने एक मान्य करते: चावून एक संत्रं खाणारा माणूस रस करून तीन संत्री अर्ध्या मिनिटात पितो, आणि घरात मधुमेह असेल तर हे महत्त्वाचं आहे. पण त्यात साधा मिक्सर आणि महागडा ब्लेंडर सारखेच गुन्हेगार.

आणि हेही कबूल, नाहीतर दीर म्हणतील वहिनींना माझी भेट आवडली नाही: काजूची पेस्ट, पालकाची प्युरी, गोठवलेला आंबा, बर्फ, या कामांत मोठा ब्लेंडर मिक्सरला खरंच मागे टाकतो. काजूची ग्रेव्ही गाळावी लागत नाही. पण त्याच दीड लिटरच्या भांड्यात दोन चमचे लसणाची चटणी करून दाखवा. सगळी भिंतीला चिकटते आणि ब्लेड रिकामं घरघरतं. शेंगदाण्याचं कूट करायला गेले तर दहा सेकंदांत तेल सुटून लोणी झालं. इडलीचं पीठ वेगामुळे गरम होतं, बर्फाचं पाणी घालावं लागतं. कूट, चटणी, ओल्या नारळाचं वाटण हे आपलं रोजचं काम, आणि त्यासाठीच आपला मिक्सर बनलाय. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' बनवला तोच मुळी घरातला जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही म्हणून. पाट्यावरच्या वाटणाची चव वेगळी लागते हेही खरं, पण मला सकाळी साडेसातची बस असते.

तेव्हा विचारणाऱ्या मैत्रिणींना मी सांगते की तीन भांड्यांचा ७५० वॅटचा मिक्सर चार माणसांच्या घराला पुरतो, ब्लेंडर हौस आणि १६ अँपिअरचं सॉकेट दोन्ही असेल तर घ्या. आमचा आता फ्रिजशेजारच्या मोठ्या सॉकेटवर आहे आणि रविवारी काजू वाटायला निघतो.

दुधीचा रस सासूबाईंनी सोडला, भाजी मात्र चालू आहे. काल त्यांनी दुधी चिरायला घेतला, टोकाची पातळ चकती कापली, आणि स्वतः न चाखता माझ्यापुढे धरली. "तूच बघ," म्हणाल्या, "तुला फार कळतं."