जुन्या शाळेचं संग्रहालय करताय? आधी ओल थांबवा

गावातल्या कौलारू शाळेचं निर्लेखन करून (म्हणजे ती वापरातून बाद ठरवून) ती पाडण्याऐवजी तिथे संग्रहालय करायचं, असा ठराव ग्रामसभेने केला तर फार चांगलं. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. त्याआधीच्या काही शाळांच्या दारावर अजून ‘लोकल बोर्ड’ (जिल्हा परिषदेआधीची स्थानिक संस्था) ही अक्षरं दिसतात. ती इमारतच तुमची पहिली वस्तू आहे. पण निधी आला की आधी सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट होतो, आणि तिथेच घात होतो.

चुन्यात किंवा मातीत बांधलेली भिंत जमिनीतली ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बुजली की ओल आतून वर चढते. दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) लागतो, सांध्यांतला चुना भुसभुशीत होऊन झडतो. गिलावा चुन्याचाच हवा. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, थर अर्ध्या इंचाच्या आत, वर आठवडाभर ओली गोणपाटं. चुना हळूहळू हवेनेच घट्ट होतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा.

त्याहीआधी छप्पर. पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडेच टपकतं, तेव्हा गळती डागाच्या डोक्यावर नाही, आढ्याच्या दिशेला शोधा. बहुतेकदा कोन्याचा (आढ्यावरच्या कौलाचा) सांधा उघडा पडलेला असतो, नाहीतर रीप कुजून कौल घसरलेलं असतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. गावात जुनं घर उतरवलं जात असेल तर त्याच छापाची शंभरेक जमवून ठेवा. दुसऱ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसत नाही.

पाटी, दौत, बोरू, तास वाजवायचा रुळाचा तुकडा हे सगळं सोपं. खरी जपणूक जनरल रजिस्टरची, म्हणजे दाखल मुलांची नावं, जात, जन्मतारीख लिहिलेल्या वहीची. मूळ रजिस्टर काचेत मांडू नका, ते मुख्याध्यापकांच्या ताब्यातच राहू द्या. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीची जातीची नोंद शोधत लोक याच पानांपाशी येतात. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर अजिबात नको, ती पुन्हा काढता येत नाही. सुती बासनात बांधून आडवं ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. प्रत्येक पानाचा उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून फोटो घ्या. मोडीतली पानं वाचून घेऊन एखाद्याच पानाची प्रत मांडा, हयात माणसांची नावं आणि जाती झाकून.