तांबीमुळे गर्भ नळीत जातो म्हणे!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. "एक्टोपिक झालेल्या बाईने तांबी चुकूनही बसवू नये, तांबीच गर्भाला नळीत ढकलते. एक नळी काढली असेल तर काही वापरायची गरजच नाही. सगळ्यात बेस्ट नसबंदी, टेन्शन खलास." (एक्टोपिक म्हणजे गर्भ गर्भाशयाऐवजी बाहेरच, बहुतेकदा नळीत, रुजणं.) माझ्या चुलत जावेने हे वाचून तांबीची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, म्हणून लिहितेय.

आधी तांबी. तांबं शुक्राणूंनाच निकामी करतं, म्हणजे मुख्य काम गर्भ तयार व्हायच्या आधीच होतं, मग ढकलायला गर्भ आणणार कुठून? आता अर्धं खरं काय ते पण सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. तांबी असताना दिवस राहिलेच तर त्यात एक्टोपिकचं प्रमाण जास्त असतं, हे बरोबर. पण राहतात किती जणींना? हजार बायकांनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर साधारण 850 जणींना दिवस जातात, त्यात शंभरात एक-दोन एक्टोपिक धरल्या तरी 8 ते 17 झाल्या. हजार जणींनी तांबी बसवली तर दिवस राहणाऱ्या 10 सुद्धा भरत नाहीत, वाटल्यास त्यातल्या निम्म्या एक्टोपिक धरा (इतक्या नसतातच), तरी 5 च्या आत. आणि जिला एकदा झालीय तिला पुढच्या खेपेला धोका दहात एकच्या आसपास, म्हणजे दिवसच न राहू देणारं साधन तिला जास्तच कामाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या गर्भनिरोधकांच्या यादीत आधी एक्टोपिक झालेलीसाठी तांबी पहिल्या वर्गात आहे, म्हणजे काही आडकाठी नाही. गर्भाशयात बसवायचं हार्मोनवालं साधन, नेहमीच्या गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन (सरकारी दवाखान्यात 'अंतरा' म्हणून फुकट मिळतं तेच) सगळं पहिल्याच वर्गात. फक्त प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, ज्या अंगावर पाजणाऱ्या बायांना देतात, त्या दुसऱ्या वर्गात, म्हणजे फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त, साधारणपणे वापरता येतात. हां, ओटीपोटात इन्फेक्शन चालू असेल तर तांबी लगेच बसवत नाहीत, आधी ते बरं करतात.

"एक नळी गेली, मग गरज काय?" अहो उरलेली नळी दुसऱ्या बाजूचं बीज पण उचलू शकते! आणि ट्रीटमेंटनंतर दोन-तीन आठवड्यांत बीज तयार होऊ शकतं, पाळी यायच्याही आधी. जिला मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन (ऑपरेशनऐवजी औषधाने एक्टोपिक बरी करायला देतात ते) दिलंय तिला तर डॉक्टर निदान तीन महिने दिवस राहू देऊ नका असंच सांगतात, कारण ते औषध फॉलिक अॅसिडचं काम अडवतं आणि नव्या गर्भाला घातक ठरू शकतं. नेमक्या त्याच बाईला हा मेसेज काही वापरू नको म्हणतोय, कमाल आहे.

राहिली नसबंदी. मुलं पुरे झाली असतील तर उत्तमच, कोण नाही म्हणतंय. पण अमेरिकेत नसबंदी झालेल्या 10,685 बायकांची पाहणी झाली होती, त्यात नंतर 143 वेळा दिवस राहिले आणि त्यातल्या 47 एक्टोपिक होत्या. म्हणजे ज्या हिशोबाने तांबीला शिव्या घातल्या त्याच हिशोबाने नसबंदी पण नापास व्हायला हवी ना? तिथे मात्र टेन्शन खलास!

तांबी असो नाहीतर नसबंदी, पाळी चुकली किंवा ओटीपोटात एका बाजूला दुखतंय आणि डाग जातायत, तर टेस्ट करा आणि सोनोग्राफीला जा. चक्कर आली, खांदा दुखायला लागला तर तेवढं पण थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.