चित्रपुस्तक कसे लिहावे: एका अनुभवी होतकरूचा सल्ला

लहान मुलांसाठी चित्रपुस्तक लिहिण्याचा विचार तुमच्या मनात आला असेल, तर प्रथम तुमचे अभिनंदन, कारण साहित्यात याहून सोपे काम दुसरे नाही. कादंबरीला तीनशे पाने लागतात, नाटकाला तालमी लागतात, कवितेला निदान एखादे दुःख तरी लागते; चित्रपुस्तकाला फक्त एक ससा लागतो. मी स्वतः गेली सहा वर्षे नाशकात होतकरू बालसाहित्यिक म्हणून वावरत आहे, आणि इतका दीर्घकाळ होतकरू राहायला जी चिकाटी लागते ती माझ्यापाशी असल्यामुळे तुम्हाला चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

आरंभ प्रेरणेपासून करावा. पुस्तक लिहून होण्याच्या पुष्कळ आधीपासून ती लोकांना सांगावी लागते, म्हणून ती तयार असलेली बरी. माझी खरी प्रेरणा अशी की, भाचीच्या वाढदिवसासाठी पुस्तक घ्यायला गेलो असता, त्यातले जेमतेम तीनशे शब्द आणि मागच्या बाजूची किंमत पाहून, ‘एवढे तर मी जेवणाच्या सुट्टीत लिहीन’ असे मला वाटले. ही प्रेरणा व्यासपीठावरून सांगण्याजोगी नाही. तेव्हा पंचवटीतला जुना वाडा, रॉकेलचा कंदील, गोधडी आणि गोष्टी सांगणारी आजी असा सरंजाम मांडावा. माझ्या आजीने मला आयुष्यात एकच गोष्ट सांगितली, आणि ती वाड्याच्या वाटणीत धाकट्या दिरांनी परसातली विहीर कशी लाटली याची होती. तीही ती दर वेळी निराळी सांगे, ऐन मोक्याच्या जागी थांबून सुपारी कातरायला घेई, आणि आम्ही ‘मग? मग काय झालं?’ म्हणून तिचा पदर ओढेपर्यंत तोंडातून शब्द काढत नसे. पण हे कुणाला सांगू नये. गोष्ट कशी सांगावी हे त्यातून कळण्याचा धोका आहे.

यानंतर लिहिण्याच्या जागेचा प्रश्न येतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली, हे आपल्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि होतकरू लेखकाला त्याचा फार त्रास होतो. यावर उपाय असा की, त्या काळी गंगापूर रोडवर कॅफे नव्हते, याकडे लोकांचे लक्ष वेधावे. आज ते आहेत. त्यांपैकी एखाद्यात खिडकीजवळची जागा धरावी, दीडशे रुपयांची कॉफी मागवावी, कोऱ्या वहीचे आणि कॉफीचे छायाचित्र काढून ‘प्रवास सुरू’ अशा शब्दांसह सर्वांना पाठवावे. पाच वर्षांनंतरही प्रवास सुरूच असेल, याची हमी मी स्वतःच्या उदाहरणावरून देऊ शकतो. टिळक पथावर १८४० सालापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले सावाना, आहे. तिथे जाऊन मुलांची पुस्तके चाळत मात्र बसू नका. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका चित्रेही स्वतःच काढतात, घरातल्याच साध्या गोष्टी लिहितात आणि शेवटी तात्पर्यही सांगत नाहीत. असले काही वाचनात आले तर आपला आत्मविश्वास हकनाक डळमळतो.

आता विषय. ससा मी आधीच सांगितला, परंतु अलीकडे स्पर्धा वाढल्यामुळे सोबत एखादा जिराफ घ्यावा. जिराफ नाशिक जिल्ह्यात आढळत नाही, हाच त्याचा मोठा गुण आहे. बिबट्या आपल्याकडे उसातून निघून थेट वस्तीत येतो, पार्किंगमधल्या दुचाक्यांच्या रांगेतून शेपूट हलवत जाताना कुणाच्या तरी सीसीटीव्हीत दिसतो, वन खात्याची माणसे पिंजरा आणतात, आणि त्या रात्री अख्ख्या कॉलनीतली मुले खिडकीच्या जाळीला नाक लावून जागी राहतात. अशा प्राण्याला पुस्तकात घेण्यात काय हशील? हिवाळ्यात निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला लांबलांबून पक्षी येतात, तेही आपल्या कामाचे नाहीत, कारण त्यांना आयते नाव ठेवता येत नाही. जिराफाला ‘जिनी’ म्हटले की भागते.

भाषेविषयी फारसे सांगायला नको. मुलांचा शब्दसंग्रह वाढावा म्हणून ससा ‘निघाला’ असे न लिहिता ‘मार्गस्थ झाला’ असे लिहावे. नुकते अक्षर लावू लागलेले मूल ‘मार्गस्थ’पाशी अडले, तर तेवढाच वेळ ते पुस्तकात रमले असे धरावे. यमके हवीतच. ससा, कसा, असा, जसा एवढी पुंजी दोन कडव्यांना पुरते आणि तिसऱ्यात ‘पैसा’ आणावा लागतो, मग सशाला बचतीचे महत्त्व पटवून देता येते, म्हणजे तात्पर्याचीही आपोआप सोय होते.

तात्पर्याला मात्र काटकसर लावू नका. माझ्या पहिल्या पुस्तकात सशाने मोठ्यांचे ऐकावे, दात घासावेत, झाडे लावावीत आणि मोबाईल कमी पाहावा अशी चार तात्पर्ये होती. पाचवे सुचले तेव्हा मजकूर छपाईला गेला होता, याची हळहळ मला अजून वाटते. पुस्तक विकत घेणारा आईबाप असतो आणि त्याला आपले बोलणे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायला आवडते. मूल ते शेवटचे पान वाचत नाही, ही बाब व्यापाराच्या दृष्टीने गौण आहे.

चित्रकाराच्या बाबतीत मी तुम्हाला विशेष सावध करू इच्छितो, कारण इथेच माझा घात झाला. चित्रे काढायला मला कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी मिळाली. मानधनाऐवजी तिचे नाव आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याखाली देण्याचे मी उदार मनाने कबूल केले होते. माझ्या मजकुरात असे वाक्य होते: ‘पिवळ्या भिंतीच्या घरात ससा खिडकीपाशी बसला होता, त्याच्या डोळ्यांत अश्रू होते आणि बाहेर पाऊस पडत होता.’ चित्रातही पिवळी भिंत, खिडकी, ससा, अश्रू आणि पाऊस असे सारे यावे, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. जे चित्रात दिसते ते मजकुरातून वगळावे आणि जे मजकुरात नाही ते चित्राने सांगावे, असे तिने मला समजावून पाहिले. पण मग लेखकाने करायचे काय, या माझ्या प्रश्नावर ती गप्प बसली. मी सांगितलेले सगळे तिने काढले, आणि मला न विचारता भिंतीवर एक पाल काढली.

पाल पहिल्या चित्रात वरच्या कोपऱ्यात होती आणि दिव्यापाशी एक किडा होता. पुढच्या चित्रात ती वीतभर सरकली होती. तिसऱ्यात पाल दिव्याखाली होती आणि किडा नव्हता. मजकुरात यांतले अवाक्षरही नसल्यामुळे माझ्या ते ध्यानातच आले नाही. कच्ची प्रत घेऊन मी भाचीला वाचून दाखवायला बसलो. ती तेव्हा चार वर्षांची होती. सशाच्या अश्रूंपर्यंत पोहोचताच तिने माझा हात बाजूला सारला, तोंडातला अंगठा काढून त्याच ओल्या अंगठ्याने पान मागे उलटले, मग पुढे, मग पुन्हा मागे. मी वाचतच होतो. “मामा, तू थांब ना,” ती म्हणाली. मग पालीच्या पोटावर बोट दाबून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने मला सांगितले, “तो इथंय.” त्या संध्याकाळी पुस्तक सात वेळा पाहून झाले, सशाचे नाव तिने एकदाही विचारले नाही, आणि झोपताना पालीला भूक लागली असेल का, एवढीच चौकशी केली.

दुसऱ्याच दिवशी मी चित्रकर्तीला फोन करून पाल पुसायला लावली. लेखकाचा मान राखला गेला पाहिजे. शिवाय त्यात हिंसा होती.

पानांच्या संख्येबाबत छापखानेवाले तुम्हाला घोळात घेतील, तेव्हा ते गणित आधीच सांगून ठेवतो. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते आणि त्याचे कारण कागदाच्या घडीत आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजू छापून घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो, आणि असे दोन फर्मे मिळून ३२ पाने भरतात. त्यांतून नावाचे पान, श्रेयाचे पान वगैरे वजा केले की लेखकाच्या हाती बारा ते चौदा जोडपाने उरतात. जाणती माणसे म्हणे आधी कागदाचे तुकडे दुमडून एक खोटी वही करतात आणि कोणते वाक्य कोणत्या पानावर संपले म्हणजे मूल पान उलटायला उतावीळ होईल, हे त्या वहीत पुन्हा पुन्हा पडताळून पाहतात. यात महिने जातात. मी सरळ ४७ पाने लिहिली. ४७ हा आकडा कोणत्याच फर्म्यात बसत नाही, असे छापखान्याच्या मालकांनी सांगितल्यावर मी ४८ व्या पानावर माझा परिचय, रंगीत छायाचित्रासह, घातला. पुस्तकातले तेवढे एकच पान आमच्या नातेवाइकांनी बारकाईने पाहिले.

प्रकाशनाचे सोपस्कार थोडक्यात उरकतो. जो लेखकाच्याच खर्चाने पुस्तक काढून देईल अशा माणसाकडे जावे, तो पैसे आधी घेतो म्हणून नकाराचे दुःख राहत नाही. माझ्याकडून त्याने आयएसबीएन क्रमांक मिळवून देण्याचे दोन हजार रुपये वेगळे घेतले. हा क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हे मला पुढे कळले, पण विनामूल्य वस्तूची किंमत राहत नाही, असे म्हणून मी स्वतःची समजूत घातली. प्रकाशन समारंभ २७ फेब्रुवारीलाच, कुसुमाग्रजांच्या जयंतीला ठेवावा, म्हणजे सभागृह मिळत नाही आणि समारंभ घरगुती होण्याला सबळ कारण मिळते. समारंभाला मुले आणू नयेत. ती भाषणांत चुळबुळ करतात. हजार प्रतींपैकी दीडेकशे प्रती वाढदिवसांना आलेल्या पाहुण्यांच्या हाती सक्तीने जातात, आणि उरलेल्यांसाठी दिवाण घ्यावा. आमच्या दिवाणाच्या पोटात त्या व्यवस्थित बसल्या असून वर गादी घातली की काही कळत नाही.

दुसऱ्या पुस्तकाची तयारी मी गेल्या पावसाळ्यात सुरू केली, आणि याच संदर्भात एक शेवटची सूचना करायची आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडले की बातम्यांत क्यूसेकचे आकडे येतात, पण नाशिककर एकमेकांना एवढेच विचारतात, “मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?” गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या पायांना पाणी लागले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले, यावर सगळ्या गावाचा पूर मोजला जातो. त्या दिवशी जिनी जिराफाचे २७ वे पान अडल्यामुळे मीही गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेलो होतो. पाणी छातीपाशी होते, काठाशी ही गर्दी होती आणि माझ्या पुढे एक मुलगा बापाच्या खांद्यावर बसलेला होता. बराच वेळ तो मारुतीकडे पाहत राहिला, आणि मग त्याने वाकून बापाच्या कानात विचारले, “बाबा, दोन तोंडांपैकी आधी कोणतं घाबरलं?”

असले काही कानावर पडले तर तिथे रेंगाळू नये. मी पुराची दोन छायाचित्रे काढली, ती सर्वांना पाठवली, आणि जिनीने दात घासले की नाही हे ठरवायला घरी परतलो.