आपोआप होईल

‘आपोआप’ हा शब्द ऐकला की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो.

साहेब म्हणाले, “सगळ्या रिपोर्टांत रकमा उजवीकडे, ठळक, दशांशानंतर दोन आकडे. नियम एकाच फाइलीत लिहा, बाकी आपोआप होईल.”

रिपोर्ट सदतीस. प्रत्येकाची एक्सएसएलटी स्टाइलशीट, म्हणजे एक्सएमएल डेटाचा रिपोर्ट बनवणारी नियमांची फाइल, निराळी. मी सामाईक फाइल केली, तीत ॲट्रिब्यूट-सेट (‘उजवीकडे, ठळक’ अशा सूचनांचा गठ्ठा) लिहिला आणि ती सगळीकडे इम्पोर्ट केली. पहिल्याच ठिकाणी एरर. इम्पोर्टला मान पहिला लागतो. त्याच्या आधी एखादं टेम्प्लेट (कुठला भाग कसा उतरवायचा याचा नियम) बसलेलं त्याला खपत नाही. मानपान उरकला, रिपोर्ट काढला. रकमा ढिम्म! कारण ॲट्रिब्यूट-सेट स्वतःहून कुठेच जात नाही. ज्या ज्या एलिमेंटवर, म्हणजे टॅगवर, हवा, तिथे ‘यूज-ॲट्रिब्यूट-सेट्स’ लिहून त्याला बोलवावं लागतं.

बरं, दशांशाचं काम त्याचं नव्हेच, ते ‘फॉरमॅट-नंबर’चं. म्हणून सामाईक फाइलीत रकमेचं टेम्प्लेटच लिहिलं. पण इम्पोर्ट केलेल्या टेम्प्लेटची पत कमी, घरचं टेम्प्लेट वरचढ. आणि सदतीसच्या सदतीस घरांत रकमेचं टेम्प्लेट आधीपासून होतंच.

मग अक्कल लढवली. आधी अख्खा रिपोर्ट एका व्हेरिएबलमध्ये तयार करायचा, मग दुसऱ्या फेरीत त्यावर नियम चालवायचे. एक्सएसएलटीच्या 2007च्या 2.0 आवृत्तीत हे सरळ होतं. स्टाइलशीट चालवणारा आमचा प्रोसेसर मात्र 1999च्या 1.0वर ठाम, व्हेरिएबलमधल्या टॅगांच्या झाडावर चढायचं तर ‘नोड-सेट’ या जोड-फंक्शनची उसनी शिडी हवी. तीही लावली.

रिपोर्ट उघडला. ‘अनुक्रमांकतपशीलरक्कम’ असा एकच शब्द, आणि त्यापुढे सगळा हिशोब एका दमात. दुसऱ्या फेरीत ‘बाकीचं आहे तसं उतरव’ सांगणारं आयडेंटिटी टेम्प्लेट मी विसरलो होतो. ते नसलं की एक्सएसएलटीचे अंगभूत नियम टॅग गिळतात आणि नुसता मजकूर थुंकतात. (एवढी एकच गोष्ट दिवसभरात खरोखर आपोआप झाली.)

ते चार ओळींचं टेम्प्लेट घातलं आणि काय सांगू! रकमा उजवीकडे, ठळक, दोन दशांश. मी रिपोर्ट ऐटीत साहेबांसमोर ठेवला.

“अनुक्रमांक 1.00?” साहेब म्हणाले. “वर्ष 2,019.00?”

आकडा असलेला प्रत्येक रकाना मी रक्कम धरला होता.

“आपोआप झालं, साहेब.”