खुलासा: महामार्गावरच्या प्रत्येकच चार्जरवर ई-स्कूटर चार्ज होते असे नाही

‘सगळ्या कंपन्यांनी मिळून एकच प्लग ठरवला, आता महामार्गावर कुठेही स्कूटर लावा’ असा मजकूर सातारा-कराडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

ई-स्कूटर बनवणाऱ्या एथरने 2021 मध्ये आपला कनेक्टर (चार्जिंगचा प्लग) इतर कंपन्यांना खुला केला आणि हिरोच्या विडा या ई-स्कूटर ब्रँडने तोच घेतला. पुढे नीती आयोग, एआरएआय (पुण्याची वाहन संशोधन संस्था) आणि उत्पादक यांच्या सहभागातून 2023 मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे या कनेक्टरसाठीचे मानक, आयएस 17017 (भाग 2, विभाग 7), आले. स्पर्धकांनी मिळून केलेले हे काम खरोखर मोलाचे आहे. पण मानक फक्त हलक्या गाड्यांसाठी आहे, आणि ते निघाले म्हणजे सक्ती झाली असे नव्हे. वेगळ्या प्लगच्या स्कूटर रस्त्यावर आहेतच.

महामार्गावरचे मोठे डीसी (जलद) चार्जर बहुधा मोटारींचे, सीसीएस-2 (मोटारींचा प्रमाणित प्लग) प्रकारचे असतात. ते साधारण 150-200 व्होल्टच्या खाली चालत नाहीत. बहुतेक स्कूटरची बॅटरी 50 व्होल्टच्या आसपास. संवादाची पद्धतही वेगळी: मानकातली स्कूटर चार्जरशी कॅन या डेटा-पद्धतीने बोलते, सीसीएस-2 पॉवर लाइन कम्युनिकेशन या वेगळ्या पद्धतीने. बोलणे जुळल्याशिवाय चार्जर करंट सोडत नाही. म्हणून फक्त आकार जुळवणारा अडॅप्टर निरुपयोगी, आणि हा संवाद चुकवणारा जुगाड थेट आगीला आमंत्रण.

सांगलीहून पुण्याला स्कूटरने निघणार असाल तर ॲपमध्ये चार्जरचे अंतर नव्हे, आधी कनेक्टरचा प्रकार पाहा. सोबतचा पोर्टेबल चार्जर अर्थिंग असलेल्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डला नको.