थकबाकी दोघांची, कोरडे पाचही

सकाळी साडेआठला मुंबई महापालिकेचे लोक आले, खणलं, अर्ध्या इंचाची लाइन कापली, बूच मारलं आणि गेले. पैसे थकले दोन घरांचे, नळ गेला पाचांचा. ज्या आजींनी आपला वाटा जानेवारीतच सेक्रेटरीच्या हातावर ठेवला होता, त्याही आता हंडा घेऊन शेजारच्या गल्लीत.

ग्रुप कनेक्शन म्हणे! पाच खोल्या, एक मीटर, एक बिल, आणि तेही सेक्रेटरीच्या नावावर. सेक्रेटरी खोली विकून गावी गेला तरी नोटीस त्याच्याच नावाने निघते आणि कागदावर 'बजावली'. कोणाला बजावली, भिंतीला? तीन घरं म्हणतात आमचा हिस्सा घ्या, खिडकी म्हणते अख्खं भरा. अहो, अख्खं भरायला असतं तर थकलं कशाला असतं? आणि नोटिशीची भाषा बघा: 'सदर जोडणी खंडित करण्यात येईल.' करण्यात येईल! करणार कोण ते लिहायला हात कापतो. हा 'सदर' आधी कापायला हवा, नळ नंतर.

मुंबईत मुदतीत बिल भरलं नाही की महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. सहा हजार थकले की दरमहा १२० रुपये नुसता दंड. घरकर्ज याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतं, पण ते बंगलेवाल्याला. मग २०२० सारखी अभय योजना येते, दंड माफ! कोणाला? ज्याच्या हातात मूळ रक्कम तयार आहे त्याला. धुणीभांडी करणाऱ्या बाईला हवे असतात हप्ते, आणि ते मागितले की 'साहेब मीटिंगला गेलेत'.

बरं, बिल तरी खरं? पाणी सुटतं पहाटे, आधी पाइपातली हवा फुसफुसत बाहेर पडते आणि मीटर त्या हवेवरही फिरतो. मीटर बंद पडला की बिल 'सरासरी'ने. गटारातून नेलेली लाइन मीटरच्या पुढे कुठे गळली, तर ते पाणीही तुमच्या नावावर. पाणी चालू असताना पाचही नळ घट्ट बंद करा. काटा तरीही फिरला तर गळती आहे. फोटो काढा, रीडिंग आणि तारीख लिहा, बिलावरचा सीसीएन नंबर (जोडणीचा ग्राहक क्रमांक) घालून अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी तक्रार म्हणजे गटारात गेलेलं पाणी.

इंग्लंडमध्ये थकबाकीसाठी घराचं पाणी तोडायला १९९९ पासून बंदी आहे. धार बारीक करायलाही. आपण मात्र त्यांनीच केलेला १८८८ चा महापालिका कायदा काखेत मारून पहार घेऊन फिरतोय. इथल्या वस्त्यांना पाण्याचा हक्क मिळवायला २०१४ साली उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबावं लागलं. तोडायला दहा मिनिटं. सरकारी खात्यांची थकबाकी असते तिथे मात्र पत्रव्यवहार चालतो. सविनय.

असो. खरं सांगायचं तर यातला निम्मा संताप 'सदर'वरच निघालाय, आणि तो शब्द काही या जन्मात जायचा नाही. पाणी तरी आधी येईल. नवी जोडणी झाली की सेक्रेटरीचं नाव बदलून घ्या, पाचही घरांची भरल्याची नोंद एका वहीत ठेवा, आणि मीटरच्या पेटीला कुलूप लावा. पितळेचा असतो, भंगारवाल्याकडे गेला की परत 'सरासरी'.