आधी निगेटिव्हच का? एका वाचकाला उत्तर

भाऊ, गाडीच्या बॅटरीचे टर्मिनल (तारा जोडायची टोकं) साफ करण्यावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की टर्मिनलवरचा थर काढायला उकळतं पाणी पुरतं, सोड्याची भानगड नको. साफ केल्यावर लावायला सांगितलेलं व्हॅसलीन नागपुरात टिकत नाही. आणि 'निगेटिव्ह तार आधी काढा' हा उगाच केलेला बाऊ.

व्हॅसलीनचं मान्य. चाळीस अंशांपुढे ते पातळ व्हायला लागतं, आणि नवतपात, म्हणजे मे-अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेरच पारा 45 च्या आसपास असतो, बॉनेटखालचं तर बोलायलाच नको. लेखात बदल करतो. ग्रीसच लावा, पण तारेचा क्लॅम्प टर्मिनलवर घट्ट आवळल्यावर, वरून.

पाण्याचं पटलं नाही. निळा-हिरवा थर म्हणजे तांब्याचं सल्फेट, ते पाण्यात विरघळतं आणि टर्मिनल लख्ख दिसतं. शिशाचं पांढरं सल्फेट मात्र जवळपास विरघळतच नाही. शिवाय ॲसिड मरत नाही, ओघळून बॅटरीखालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथला पत्रा खातं. पाण्यात कालवलेला खायचा सोडा घातला की फसफसतं, ते ॲसिड मरताना. फसफस थांबेपर्यंत घालायचा, मग ब्रश, मग साधं पाणी. बॅटरीवरची, पाणी भरायची बुचं आधी घट्ट करा, सोडा सेलमध्ये गेला तर आतलंही ॲसिड मरेल.

आता निगेटिव्ह. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) गाडी बंद पडली तेव्हा घाईत मी पॉझिटिव्ह आधी सोडवायला घेतली. दहाच्या पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं आणि निळसर ठिणगी उडाली. पान्याच्या कडेला तांदळाएवढा खळगा पडला, आजही बोट फिरवलं की लागतो. निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला लागला की सरळ शॉर्ट. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला एवढी ठिणगी पुरते. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. कृपा करून कुणाला उलट सांगू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंय की दर महिन्याला टर्मिनलवर उकळतं पाणी ओतावं लागतं. मला खरी काळजी त्याचीच वाटते. इतक्या लवकर थर परत येतो म्हणजे ॲसिड कुठून तरी बाहेर येतंय. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी उडतं म्हणून आपण पातळीच्या खुणेच्या वर डिस्टिल्ड वॉटर भरतो, आणि चार्जिंगच्या वेळी तेच ॲसिड घेऊन बुचातून बाहेर येतं. खूण पाळूनही येत असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. 14 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 15 च्या वर गेलं तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर तपासून घ्या. आकडा आला की इथेच कळवा, पुढचं बघू.